पूजेत बसलेली सायकल

मनमोहनभाईंनी अच्युतची सायकल स्वतःच्या हातांनी उचलून देवघरात नेली, तेव्हा फणसवाडीतल्या वेळकरांच्या त्या बिऱ्हाडात दोन माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक खुद्द अच्युत, आणि दुसरी बेबीआत्या. आत्याने सत्तरी ओलांडली होती, तरी तिला बेबीच म्हणायची घराची रीत होती. सुमतीच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं नाही. तिला बरं वाटलं, नाही असं नाही. पण थोरल्या दिरांना ती लग्न होऊन आल्यापासून ओळखत होती. या माणसाच्या हातून काही गोड निघालं की ते कुठल्या झाडाचं आहे हे आधी बघावं, एवढं तिला अनुभवाने कळलं होतं.

खंडेनवमीचा दिवस. पणजोबांची तलवार चिंच लावून घासली होती. तिच्या शेजारी भाईंचं सोन्याच्या निबचं पेन, सुमतीच्या नवऱ्याची, म्हणजे कमलाकांतांची, कंपासपेटी, सुमतीचं शिवणयंत्र, स्वयंपाकघरातली विळी. आणि सगळ्यांच्या पुढे, मधोमध, झेंडूची माळ घातलेली ती सायकल. गेली दोन वर्षं जिला गॅलरीच्या आत पाऊल टाकायची बंदी होती, ती आज कुंकू लावून देवाजवळ बसली होती.

"अच्युत, नमस्कार कर," भाई म्हणाले. "तुझं हत्यार आहे ते."

तिशी गाठलेला अच्युत शाळकरी पोरासारखा वाकला. आधी देवाच्या पाया पडला, मग भावाच्या. बेबीआत्याने पदर डोळ्यांना लावला. "आज तुमचा बाप असायला हवा होता," ती म्हणाली.

बाप नव्हता, त्याचं कारणही या पूजेतच होतं. नवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत जागचं हलवायचं नाही, असा घराचा दंडक होता. अच्युत पाळण्यात असताना त्याचे वडील सर्व्हेच्या कामाला जायचं म्हणून पूजेतली दुर्बीण उचलून निघून गेले, आणि दिवाळीच्या आत पटकीने वारले. त्या साली अर्ध्या गिरगावात पटकी होती, पण ते कोण लक्षात ठेवतो? दोष दुर्बिणीवर गेला तो गेलाच. तेव्हापासून नवमीला वेळकरांच्या घरी कुणाला कांदा चिरायला विळी मिळत नसे.

पूजा आटोपली, आरती झाली. भाई आरामखुर्चीत पेपर घेऊन बसले. सुमती पानांची तयारी करता करता देवघराकडे बघत होती. काय ती सायकल! बघणाऱ्याला हसूच यावं. घरातली जुनी लोखंडी खाट, जिच्यावर तिन्ही भाऊ जन्मले, ती मोडीत निघाली तेव्हा अच्युतने तिचे पाइप मागून घेतले आणि कानशीने घासून घासून इतके पातळ केले की टिचकी मारली तर पातेल्यासारखे वाजत. बेअरिंगं एका गिरणीने टाकून दिलेल्या यंत्रातली. हँडल इतकं खाली आणि इतकं जवळ, की त्यावर बसला की अच्युतचे हात छातीखाली घडी घालून ठेवल्यासारखे दिसत. वाडीतली पोरं म्हणायची, अच्युतकाकाच्या पोटात कळ आलीय.

पण त्या कळीमागचं डोकं सुमतीने जवळून पाहिलं होतं. अच्युत मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा आपटला. इंजिनियरिंगचं पुस्तक त्याने हातात धरलं नव्हतं. मग त्याने काय केलं? अंगरख्याला बाह्यांपासून पाठीपर्यंत चिंध्या शिवल्या, म्हणजे शिवल्या सुमतीनेच, आणि पहाटे मरीन ड्राइव्हवर तिला कठड्यावर बसवून तो वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाणत सुटला. "वहिनी, कुठली चिंधी जास्त फडफडते तेवढं बघा." कोपराची चिंधी फडफडली की त्याने कोपर आत घेतलं. खांद्याची फडफडली की खांदा पाडला. असं करत करत सगळ्या चिंध्या गप्प झाल्या, आणि तेव्हा हात जिथे राहिले तिथे त्याने हँडल बसवलं. याला अक्कल म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

आणि त्याच सायकलीवर त्याने गेल्या उन्हाळ्यात बॅकबे व्हीलर्स क्लबाच्या गोल धावपट्टीवर तासाभरात इतकं अंतर कापलं, की अध्यक्षांच्या पुतण्याने विलायती सायकलवर केलेला विक्रम पाचोळ्यासारखा उडून गेला. कमिटीने काय करावं? विक्रम अमान्य. कारण काय, तर सायकल मान्यताप्राप्त बनावटीची नाही! बनावट म्हणे! ज्या माणसांनी जन्मात कधी चाकात हवा भरली नाही, ती माणसं बनावट ठरवणार. गिरगावात आणि लालबागेत तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. आधीच दिवस तापलेले होते, मुंबई महाराष्ट्राची की कुणाची यावरून माणसांनी गोळ्या खाल्ल्या होत्या, त्यात ही भर. शेवटी कमिटी नमली. सगळ्यांसमोर एकदाच पुन्हा धावा, आला नाहीत तर विषय कायमचा मिटला, असं ठरलं. दिवस होता दसऱ्यानंतरचा रविवार. आणि त्या कमिटीचे सेक्रेटरी होते मनमोहन वेळकर. घरचाच माणूस. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगीच नाही.

पानं वाढायची वेळ झाली आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दौलत आला होता. लालबागच्या गिरणीतला फिटर, अच्युतचा जिवलग. कर्फ्यूच्या दिवसांत अच्युत गल्लीबोळांतून सायकल काढून गिरगावातली औषधं परळला पोचवायचा, तेव्हापासूनची ही दोस्ती. त्याच्या सदऱ्याला घामाने पाठ चिकटली होती.

"अच्युत, मेल्या, तू हंय जेवूक बसतंस?" दौलत दारातूनच ओरडला. "सायकल खंय आसा? चल, उशीर झालो!"

"कसला उशीर? रविवारला अजून..."

"रविवार खयचो! आज आसा. चार वाजता. क्लबाच्या फळ्यावर लिवलां हा. थयलो माळी आमच्या गावचो, तो गिरणीच्या गेटार येवन सांगून गेलो. तुका कोणी सांगूक नाय?"

अच्युतच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्याने देवघराकडे पाहिलं, मग भाईंकडे. भाईंच्या हातातला पेपर हलला नाही. पानही उलटलं नाही.

सुमती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे तिची थोरली जाऊ राजलक्ष्मी कोलंबीच्या भानोल्याचं भांडं निखाऱ्यांवरून उतरवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"वहिनी, तुम्हांला ठाऊक होतं?"

राजलक्ष्मीने भांड्यावरचं झाकण उगाच काढलं आणि पुन्हा ठेवलं. "काल क्लबातून आले ते गप्प होते. आज पहाटे मला म्हणाले, सायकल पूजेत मांडू या. मला वाटलं, देवाने बुद्धी दिली. मग म्हणाले, माझा क्लबाचा कोट काढून ठेव, चारला जायचंय." तिचा आवाज खाली गेला. "त्यांना उपाध्यक्ष करणार आहेत, सुमती. पुढच्या महिन्यात. नवा कोट शिवायला टाकलाय."

म्हणजे ते कुंकू, ती झेंडूची माळ, ते 'तुझं हत्यार आहे', हे सगळं ठरवून केलेलं. केसाने गळा कापणं ऐकलं होतं. हा देवाच्या गंधाने गळा कापला होता! आणि तो बिचारा भोळा जीव त्या हातांवर डोकं टेकून रडला होता!

सुमती बाहेर आली. थोरल्या दिरांशी ती कधी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं तर नवऱ्याकडे बघून सांगायचं. आज ती आरामखुर्चीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"भाई, आज चारला फेरी आहे हे तुम्हांला काल माहीत होतं?"

भाईंनी पेपरची व्यवस्थित घडी केली. "कमिटीत ठरलं. रविवारी मैदान दुसऱ्या कामाला लागतंय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सुमती, जरा हळू," कमलाकांत म्हणाले. कमलाकांतांचं सगळं आयुष्य हळू गेलं होतं. ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना जात, पण कोटावरचा बिल्ला वाडीच्या दारात काढून खिशात टाकत, कारण भाईंच्या मते मुंबई वेगळी राहण्यातच शहाण्यांचं हित होतं. "भाईंची काही अडचण असेल."

"अडचणच आहे," भाई म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी चढला. "तुम्हांला काय ठाऊक तिथे काय चालतं ते? खाटेचे पाइप, गिरणीचं भंगार! काल अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, मिस्टर वेळकर, तुमच्या भावाने मोरीचा नळ बसवायचा ठेवलाय का त्या सायकलला? खोली हसली. त्या खोलीत आपल्यातला मी एकटा आहे, समजलं? वीस वर्षं घालवली तिथे खुर्ची मिळायला. हा जिंकला तरी ते नवीन खुसपट काढणार, हरला तर हसणार. त्यापेक्षा गेलाच नाही तर काय बिघडलं? मी त्याची अब्रू वाचवतोय."

"आणि ती खोली हसली तेव्हा," सुमतीने विचारलं, "तुम्हीही हसलात?"

एवढा मोठा माणूस, नळबाजारच्या कोंबड्यासारखी मान ताठ ठेवणारा, आपल्या पायांकडे बघत बसला. घरातल्या प्रत्येकाला उत्तर मिळालं.

अच्युतलाही मिळालं. तरीही तो म्हणाला, "राहू द्या, वहिनी."

"काय राहू द्या?"

"पूजेत बसलीय ती. आता कशी उचलायची?" तो खाली बघत बोलत होता. "कशासाठी का होईना, भाईंनी पहिल्यांदा माझी वस्तू देवाजवळ ठेवली. मला तेवढं पुरे आहे."

हे ऐकून सुमतीला रडू यायला हवं होतं. तिला संताप आला. दौलत कपाळाला हात लावून जिन्यावरच बसला. पुरे आहे म्हणे! जगाला अंगठा दाखवून खाटेची सायकल करणारा माणूस, आणि थोरल्या भावाने लावलेल्या चिमूटभर कुंकवापुढे लोण्यासारखा वितळला. अशा चांगुलपणाचं करायचं तरी काय?

तेवढ्यात बेबीआत्या काठी टेकत पुढे आली. "मन्या," ती भाईंना म्हणाली, आणि कित्येक वर्षांत त्या घरात कुणी त्यांना मन्या म्हटलं नव्हतं. "ऊठ. आत्ताच्या आत्ता उत्तरपूजा कर. कर्ता पुरुष आहेस, तुला अधिकार आहे. अक्षता टाक आणि पोराची सायकल मोकळी कर."

"आत्या, शास्त्र म्हणजे शास्त्र. उद्या सकाळशिवाय नाही."

"कसलं शास्त्र! माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या आजोबांनी ठरवलं ते. तुझे काका तलवारीने नारळ फोडायचे म्हणून."

"बाबांचं काय झालं ते विसरलीस?"

आत्या मागे सरली. तिचा सख्खा भाऊ होता तो. ती पुटपुटली, "नको बाई. जो उचलेल त्याच्यावर येतं ते. अच्युत, तू हात लावू नकोस रे."

भाई उठले. राजलक्ष्मीने आतून कोट आणून दिला; देताना तिने नवऱ्याच्या हातात न देता खुर्चीच्या पाठीवर टाकला, एवढंच. भाईंनी तो चढवला, बटणं लावली. निघायच्या तयारीने ते दाराकडे वळले, आणि देवघरात माळेची फुलं ओघळल्याचा आवाज झाला.

सुमतीने सायकल उचलली होती. समईला पदर लागू नये म्हणून तिने तो दातांत धरला होता. अक्षतांचे दाणे चाकांतून टपटप खाली पडत होते.

"सुमती!" भाई गरजले. "खाली ठेव ते!"

तिने पदर सोडला. "नाही ठेवत. जो उचलेल त्याच्यावर येतं ना? मी उचललीय. अच्युतभावोजींनी हात लावलेला नाही, त्यांच्यावर काही येत नाही. यायचं असेल ते माझ्यावर येऊ दे." मग ती अच्युतकडे वळली. "आणि तुम्ही हो! पाप माझ्या माथी आणि पुण्यही तुम्हांला नको? चिंध्या शिवायला वहिनी, कठड्यावर थंडीत बसायला वहिनी, आणि आता बसा म्हणतेय तर राहू द्या! बघता काय? सॅंडल घाला."

अच्युत हलला. आधी सावकाश, मग एकदम. दौलतने पुढे होऊन सुमतीच्या हातातून मागचं चाक घेतलं. "वैनी, चाकाच्या हब्बात तांदूळ गेले हत. मी खाली काढतंय. सोडा माझ्याकडे." जिना अरुंद होता. पुढचं चाक सुमतीनेच धरलं आणि उलट्या पावलांनी ती एकेक पायरी उतरू लागली. आपल्या मागे कोण येतं, कोण नाही, हे तिने पाहिलं नाही.

कमलाकांत आले होते. घोड्याच्या व्हिक्टोरियात ते तिच्या शेजारी येऊन बसले.

धावपट्टीवर पोचल्यावर जे व्हायचं तेच झालं. कुंकवाने माखलेलं हँडल आणि तारांत अडकलेला झेंडू बघून वेताच्या खुर्च्यांवरची मंडळी हसली. कुणीतरी इंग्रजीत विचारलं, वरात कुठे आहे? दौलतच्या पाळीतले गिरणीवाले कठड्यापलीकडे जमले होते. त्यांनी हसणाऱ्यांकडे असं पाहिलं की हसू लवकर आटपलं. भाई टॅक्सीने आधीच येऊन टेबलाशी बसले होते. विक्रमाच्या वेळी घड्याळ सेक्रेटरीच्या हातात असायचं, हा क्लबाचा नियम. अध्यक्ष त्यांच्या कानाशी लागून काही बोलत होते. भाईंनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते सुमतीला लांबून कळलं नाही.

मग शिट्टी झाली.

सुमतीला अंतराचं गणित कळत नव्हतं. ती फक्त त्याची कोपरं बघत होती. पहिल्या काही फेऱ्यांत ती बाहेर येत होती. मनात घर होतं ना अजून. "आत घ्या," ती कठडा धरून पुटपुटत होती, "आत घ्या हो कोपरं." आणि मग कधीतरी ती आत गेली. खांदे पडले, पाठ सपाट झाली, आणि त्या खाटेच्या पाइपांतून एक बारीक गुणगुण उठायला लागली, ती जवळून जाताना येई आणि विरून जाई. खुर्च्यांवरची माणसं हळूहळू सरळ बसली. मग उभी राहिली. ज्यांनी वरातीची चौकशी केली होती ते आता टाचा उंचावून बघत होते. अच्युत कुणाकडे बघत नव्हता, त्याला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. पाहत राहावं असं होतं ते. सुमतीचा राग कुठल्याकुठे गेला, आणि गेला म्हणून तिला उलट घाबरल्यासारखं झालं.

तास संपल्याची शिट्टी वाजली, तशी कठड्यापलीकडून आरोळी उठली. पण खरा आकडा टेबलापाशी होता. अध्यक्ष पुन्हा भाईंच्या कानाशी वाकले. या वेळी बराच वेळ वाकले. भाई हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. मग उठून उभे राहिले आणि कोरड्या आवाजात, इंग्रजीत, त्यांनी अंतर जाहीर केलं. आधीच्या विक्रमापेक्षा जास्त. अच्युतच्या स्वतःच्या उन्हाळ्यातल्या अंतरापेक्षाही जास्त. सायकलीच्या बनावटीबद्दल एक अक्षर नाही. माणूस सख्ख्या भावाशी लबाडी करू शकला, घड्याळाशी करायला त्याला जमलं नाही.

अध्यक्ष गाडीत बसून निघून गेले. त्यांनी होऊ घातलेल्या उपाध्यक्षांच्या कोटाकडे वळूनही पाहिलं नाही.

गिरणीवाल्यांनी अच्युतला खांद्यावर घेतलं. सुमती टाळ्या वाजवत होती, हसत होती, रडत होती. भाई मैदान ओलांडून तिच्यापाशी आले, पण बोलले ते कमलाकांतांशी.

"तुझ्या बायकोने आज माझ्या घरची पूजा मोडली, आणि माझं जे व्हायचं होतं तेही मोडलं. ऐक, कमलाकांत. उद्या दसरा. उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्याकडे सोनं घेऊन यायचं नाही. तू नाही, ती नाही, तो तर नाहीच. नंतर चुली वेगळ्या. वाडीतली दुसरी जागा बघा."

सुमतीचे हात टाळीतच थांबले. आपट्याचं पान हातात ठेवून थोरल्याच्या पाया पडणं, या घरात तिन्ही भावांनी कधी चुकवलं नव्हतं. तापात होते तेव्हाही नाही. आता हे वाकणार, तिला वाटलं. आता म्हणतील, भाई, चुकलं तिचं, पदरात घ्या. प्रत्येक भांडण असंच मिटलं होतं, तिच्या चुकीने, कमलाकांतांच्या वाकण्याने. भाईसुद्धा त्याचीच वाट बघत उभे होते. त्यांना ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. त्यांच्या तोंडावर ते लहान मुलासारखं दिसत होतं.

कमलाकांतांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"बरं, भाई," ते म्हणाले.

आणि बायकोचा दंड धरून ते अच्युतकडे चालू लागले.